ओढ्याशी थांबलेला माणूस

माझी पहिली कादंबरी मीच छापली. पुण्याच्या एका प्रकाशकाने बाड परत पाठवताना 'शेवट नीट करा, मग बघू' असं कळवलं होतं. शेवटातला एक शब्दही बदलणार नाही, या हट्टापायी मी इरेला पेटलो आणि सांगलीतला एक छापखाना गाठला. मी तेव्हा सांगलीत शाळामास्तर होतो आणि माधवनगरला एका खोलीत राहत होतो. छापून आलेले गठ्ठे ठेवायला जागा नव्हती म्हणून कॉटखाली सारले. सहा महिन्यांनीही ते तिथेच होते.

वाटलेल्या प्रतींचं काय झालं तेही कळेना. शाळेत कुणी म्हणालं मुखपृष्ठ छान आहे, कुणी म्हणालं टाइप बारीक आहे. एका सहकाऱ्याने मिरज स्टेशनवर मला पाहताच, मी काही विचारायच्या आत "वाचतोय, वाचतोय" म्हटलं आणि तो घाईघाईने गाडीत चढला. वर्तमानपत्रांना पाठवलेल्या प्रतींची साधी पोचही नाही. कुणी 'भिकार आहे' म्हणालं असतं तरी मी त्याला चहा पाजला असता. दुसरी लिहावी, की गप शाळेचे पेपर तपासत बसावं? डोकं नुसतं भणभणायचं.

आणि जिला ती वाचून दाखवायला हवी होती, तिला मात्र मी टाळत होतो. आई सातारा जिल्ह्यात गावी राहायची. तिला अक्षरओळख नव्हती. वडील मोठ्या लढाईत पलटणीबरोबर गेले तेव्हा मी रांगत होतो. ते परत आले नाहीत आणि गेल्याची तारही आली नाही. सरकारी कागदावर फक्त 'बेपत्ता' होतं. आई तीस वर्षं रोज सकाळी कुंकू लावत होती. कादंबरी त्यांच्यावरच होती, हे तिला सांगायची माझी छाती नव्हती. शेवटच्या पानावर मी त्या शिपायाला गावाच्या ओढ्यापर्यंत आणला होता. समोर त्याचं घर दिसतं आणि तो ओढ्याशी थांबतो. तिथे पुस्तक संपत होतं. तो घरात गेला का, हे मलाच ठाऊक नव्हतं, मग लिहिणार काय?

त्या श्रावणात गावी गेलो तर आईने परस्पर घोळ घालून ठेवला होता. देवळात संध्याकाळी पोथी चालायची. आमच्याकडे एकजण पोथी वाचतो आणि दुसरा तिचा अर्थ सांगतो. त्या वर्षी पोथी महिना सरायच्या आतच संपली, तेव्हा मागच्या खेपेला मी घरी नुसतंच ठेवून गेलेलं माझं पुस्तक आईने नेऊन पाटावर ठेवलं. पोराने लिहिलंय म्हणजे वाचण्याजोगंच असणार, असा तिचा हिशेब. वाचायला गावचा शिंपी होता आणि अर्थ सांगायला माझे चुलते, वडिलांचे धाकटे भाऊ, लष्करातून सुभेदार होऊन पेन्शनीत आलेले.

मी पोचलो तो वाचनाचा शेवटचा दिवस होता. आत जावं की एसटी पकडून परत फिरावं ते कळेना, शेवटी मागच्या खांबाला टेकून उभा राहिलो. शिंपी माझं वाक्य वाचायचा आणि चुलते त्याचा अर्थ सांगायचे. 'त्याच्या आत एक पोकळी दाटून आली' हे वाक्य मी तीनदा खोडून लिहिलं होतं. चुलत्यांनी सांगितलं की त्याला भूक लागली होती. लोकांनी माना डोलावल्या. जिथे काहीच नव्हतं तिथे बायका हळहळत होत्या, आणि जे लिहिताना मी स्वतः रडलो होतो तिथे एक म्हातारा शेजाऱ्याकडे चुना मागत होता. मी लिहिलेलं हेच का, अशी मला शंका यायला लागली.

मग शिंप्याने शेवटचं वाक्य वाचलं. तो ओढ्याशी थांबला. चुलत्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला.

"थांबला म्हंजी का थांबला?" ते म्हणाले. "परगावास्नं आलेला माणूस पाय धुतल्याबिगर घरात जातोय व्हय? पाय धुतलं आन् वर आला. कारभारणीनं भाकरतुकडा ववाळून टाकला, डोळ्यांस्नी पाणी लावलं, आन् त्यो आत गेला."

बायकांनी डोळ्यांना पदर लावले. नारळ फुटला, आरती झाली. ज्या शेवटासाठी मी प्रकाशकाशी भांडलो तो माझ्यादेखत दुसऱ्यानेच करून टाकला होता, आणि मला राग येतोय की रडू येतंय हे समजत नव्हतं. बाहेर चुलत्यांना गाठून मी म्हणालो की पुस्तकात असं काही नाही. ते अंधारात पायाने चपला चाचपत होते. "मग लिवायचं हुतंस की," म्हणाले आणि चालू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई चुलीपुढे भाकरी थापत होती. पुस्तक तिने फडक्यात बांधून घरी आणलं होतं. ते माझ्यापुढे सरकवत म्हणाली, "ते भाकरतुकड्याचं पुन्यांदा वाच रं."

मी शेवटचं पान उघडलं. वर चार ओळी होत्या, खाली सगळं कोरं. तसं नाहीच गं आई, असं सांगायला तोंड उघडलं आणि वाचायला लागलो. चार ओळी संपल्या तरी थांबलो नाही. कोऱ्या कागदावर बोट फिरवत वाचत राहिलो, त्याने पाय धुतले, तो वर आला, आतून कुणीतरी कोण आहे म्हणून विचारलं. उंबऱ्यापाशी आलो आणि माझं बोट तिथेच थांबलं.

आई जवळ येऊन बसली. पिठाचा हात तिने त्या कोऱ्या जागेवर ठेवला. अक्षर येत नसलं तरी कोरा कागद कुणालाही दिसतो. मी मान वर केली नाही.

"थांबलास का?" आई म्हणाली. "येऊ दी की त्यास्नी घरात."