अर्धी दाढी

फोटोग्राफर मित्र नेमू उपाध्येच्या पत्राला अच्युतराव साठ्यांनी उत्तर दिलं नाही ते नाहीच. पत्र एवढंसं: "जतच्या बाजारातल्या न्हाव्याचा फोटो सोबत आहे. माझ्या फोटोंच्या पुस्तकासाठी त्यावर चार ओळी लिही. विद्वत्ता नको." अच्युतराव पडले निवृत्त ग्रंथपाल. चार ओळींच्या तयारीसाठी ते छायाचित्रकलेवरची कपाटभर पुस्तकं वाचत बसले, आणि तेवढ्यात नेमू वारला. आज सकाळी त्याच्या मुलीचा, शरयूचा, फोन आला. "काका, पुढच्या आठवड्यात पुस्तक छापायला जातंय. फोटोखालची जागा बाबांनी तुमच्यासाठी कोरी ठेवलीय. मीही दुसऱ्या कुणाला देणार नाही."

जेवणानंतर अच्युतराव फोटो छातीवर ठेवून आडवे होतात. डोळा लागतो न लागतो तोच वरच्या पंख्याची बाभूळ होते आणि खाटेभोवती जतचा बाजार भरतो.

बाभळीखाली न्हावी वस्तरा धरून बसलाय. समोर उकिडवं बसलेलं गिऱ्हाईक स्वतःच आरसा धरून आहे. एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर फेस.

"ओ पावणं," गिऱ्हाईक आरशातूनच खेकसतं, "चार वळीवालं तुमीच न्हवं? तुमच्यापायी दाढी आडलीया माझी! बायकू घरात घीना."

"लिवा की वो," न्हावी कळवळतो. "फेस वाळतोय."

मागून कुणीतरी हसतं. नेमूच. मेलेला, पण खांद्याला तोच कॅमेरा, हातात चहाची बशी.

"नेमू, मला फोटोतलं काय कळतं रे?"

"गिऱ्हाइकाला हजामतीतलं काय कळतं? पण कापलं की कळतं ना?" नेमू चहा फुरकतो. "इथे बसून चहावर चहा प्यालो. सगळा बाजार मला विसरला, तेव्हा बटण दाबलं. हा एकटा काही विसरला नाही."

"कसा इसरीन? म्होरं वस्तरा, मागं ह्ये सायेब!" गिऱ्हाईक आरशातूनच नेमूकडे बघतं.

बाभळीची पुस्तकांची कपाटं झालीत. 'शांतता राखा' या पाटीखाली गिऱ्हाईक आरसा अच्युतरावांच्या हाती देतं. "धरा जरा, हात भरून आला." अच्युतराव उकिडवे बसून आरशात पाहतात. त्यांचा चेहरा तिथे नाहीच. गिऱ्हाइकाचा डोळा मात्र त्यांच्याकडे बघतोय. साबणाचा ब्रश कानाला थंडगार लागतो.

"अहो, चहा!" नलिनीबाई कप ठेवतात. "आणि कानाला हा फेस कसला? दोन दिवस दाढीला हात लावला नाहीत!"

अच्युतराव कान पुसत नाहीत. एकही पुस्तक न उघडता कार्ड लिहितात:

"प्रिय नेमू, हा माणूस आरशात स्वतःला बघत नाही, मला बघतो. गळ्याशी वस्तरा असताना इतक्या निवांतपणे माझ्याकडे कुणी पाहिलेलं नाही. हा फोटो बघताना दर वेळी माझा हात आपोआप गालावर जातो. तू गेलास, पण याची दाढी अजून चालू आहे."

पत्ता लिहितात: नेमिनाथ उपाध्ये, द्वारा शरयू.

कोपऱ्यावरच्या टपालपेटीशी मात्र हात थबकतो. 'आपोआप' हा शब्द बरोबर आहे ना? घरी जाऊन एकदा शब्दकोशात बघावं का?

कानाची पाळी आखडते. फेस वाळत आलाय.

अच्युतराव कार्ड पेटीत टाकतात.