दाते न सोडलेली भिंत

त्या गवंड्याला सगळे ओळंबा म्हणत. पाठीमागे म्हणत आणि तोंडावरही म्हणत, कारण त्यात त्याला अपमान दिसत नसे. खिशात दोरी आणि दोरीच्या टोकाला पितळी वजन घेऊन तो चाळीस वर्षं हिंडला होता. कुणाकडे पाहुणा म्हणून गेला तरी आधी दाराच्या चौकटीवर दोरी सोडून बघे, ‘पाव इंच बाहेर आहे’ असं सांगे आणि मग तब्येतीची चौकशी करी. त्याला फारशी आमंत्रणं येत नसत.

त्याचं आयुष्यभराचं एकच दुखणं होतं. त्याने बांधलेली एकही भिंत आता लोकांना दिसत नव्हती. बांधून झाली की मालक तिच्यावर गिलावा चढवत, गिलाव्यावर रंग, रंगावर खिळा आणि खिळ्यावर कॅलेंडर. एकेका दगडाचं तोंड निरखून, फिरवून, दोन घावांत बसवलेलं सगळं काम कॅलेंडरामागे गाडलं गेलं होतं. आता गुडघे गेले होते आणि ही शेवटची भिंत होती. उतारावरच्या नव्या वाचनालयामागे माती धरून ठेवायला नव्वद फूट लांबीची, छातीएवढ्या उंचीची. आणि उघड्या दगडाची. गिलावा करायचा नाही, असं नकाशातच लिहिलेलं होतं. ओळंब्याने ती ओळ इंजिनियर बाईंकडून तीनदा वाचून घेतली होती.

माशी एकाच जागी शिंकली. नव्वदातले पंचेचाळीस फूट काटकोनाकडे गेले.

काटकोन म्हणजे ओळंब्याच्या बायकोचा थोरला भाऊ. त्याला अनघड दगडाचा मनस्वी तिटकारा. दगड आला की छिन्नी घेऊन बसायचा, तो चारी बाजूंनी काटकोनात येईपर्यंत उठायचा नाही, आणि मग सारख्या उंचीचे थर लावत जायचा. वाचनालयाच्या खिडक्यांसमोरची घडीव भिंत त्याची. सायकली लावायच्या जागेमागची अनघड दगडाची ओळंब्याची. ही वाटणी नकाशात होती, पण ती काटकोनानेच इंजिनियर बाईंच्या कानात भरली, याबद्दल ओळंब्याची खात्री होती.

बावीस वर्षांपूर्वी ओळंब्याने मेव्हण्याच्या एका खांबावर मालकादेखत दोरी सोडून ‘अर्धं बोट कललाय’ असं जाहीर केलं होतं. तेव्हापासून दोघांत नीट बोलणं नव्हतं. वाईट बोलणं मात्र अखंड होतं, आणि तेही अहो-जाहो करून. नात्याचा मान दोघांपैकी कुणीही सोडला नाही.

“मेव्हणे, दगड घडवताय की नखं कापताय?”

“दाजी, तुमची भिंत सुरू झाली की सांगा. मी इतके दिवस समजतोय की ट्रक उलटलाय.”

“उलटलेल्या ट्रकमधला दगड तरी दगडासारखा दिसतो. तुमचे साबणाच्या वड्यांसारखे दिसतात.”

“साबणाची ओळख आहे म्हणायची तुम्हाला.”

घरी बायको दोघांचे डबे एकाच मापाने भरायची. तीही गवंड्याचीच पोर. “दादाला माझा निरोप सांगा,” असं ती रोज म्हणायची आणि ओळंबा रोज निरोप विसरायचा.

दोघं दोन टोकांकडून बांधत मध्ये आले. आता या कामातला एक साधा नियम असा, की दुसरा गवंडी पुढे बांधणार असेल तर आपल्या भिंतीची कड सरळ संपवायची नाही. एक दगड पुढे, एक मागे, असे दाते सोडायचे, म्हणजे पुढच्याचे दगड त्या दात्यांत अडकतात आणि भिंत एकजीव होते. पहिल्या वर्षी शिकणाऱ्यालाही हे ठाऊक असतं. या दोघांनाही ठाऊक होतं. पण आपण दाते सोडले तर त्यात समोरच्याचा दगड घुसणार, हा विचार दोघांनाही सहन झाला नाही. दोघांनी आपापली कड सुरीने कापल्यासारखी संपवली. बुधवारी दोन्ही भिंती एकमेकींना पाठीला पाठ लावून उभ्या राहिल्या, रुसलेल्या जावांसारख्या.

इंजिनियर बाई आल्या. वयाने दोघांच्या मुलीएवढ्या आणि आवाजाने दोघांच्या सासूएवढ्या. त्यांनी पोलादी पट्टी काढली आणि मधल्या उभ्या सांध्यात घातली. पट्टी आत गेली ती मागच्या मातीला जाऊन टेकली.

“हे काय आहे?” त्यांनी विचारलं.

“त्यांना विचारा,” दोघं म्हणाले.

“पहिल्या मोठ्या पावसात इथून माती बाहेर येईल आणि मागोमाग भिंत. शनिवारपर्यंत दोन्ही भिंती एकमेकींत गुंफा. नाहीतर सोमवारी सगळं पाडून काँक्रीट ओतते. काँक्रीट भांडत नाही.”

काँक्रीट म्हणजे वरून गिलावा. 

“आणि स्वतःची कड स्वतः सोडवायची नाही,” जाता जाता बाई म्हणाल्या. “तुम्ही हात राखून काढाल. तुम्ही त्यांची काढा, त्यांनी तुमची.”

इतकी आवडती कामगिरी दोघांना जन्मात मिळाली नव्हती. ओळंबा पहार घेऊन मेव्हण्याच्या भिंतीला भिडला. तोंडाला पावडर आणि पोटात भुसा, असं तो या घडीव कामाबद्दल बावीस वर्षं सांगत आला होता, आणि आता तो भुसा बाईंसमोर मांडायचा होता. त्याने वरचा थर काढला. आत सिमेंटचा माल ठासून भरलेला. खालचा काढला. समोरून मागेपर्यंत आरपार जाऊन दोन्ही बाजू बांधून ठेवणारा लांब दगड, बरोब्बर जिथे हवा तिथे. त्याखालीही तसंच. ओळंब्याने इतक्या नाराजीने चांगलं काम कधी पाहिलं नव्हतं.

“दाजी,” पलीकडून आवाज आला. हळू आवाजात. काटकोन कधीच हळू बोलत नसे. “या जरा.”

ओळंबा गेला. न बघताच त्याला कळलं होतं. या टोकाचे खालचे तीन थर बांधायच्या आठवड्यात गुडघा असा सुजला होता, की वाकवत नव्हता. त्याने उभ्या उभ्याच समोरचे आणि मागचे दगड लावले आणि मधल्या पोकळीत दगडाच्या चिपा आणि माल वरून ओतला, न ठासता. वरचे थर चढल्यावर ते दिसेनासं झालं, आणि मग त्यालाही ते आठवेनासं झालं. काटकोनाचा हात त्या भगदाडात कोपरापर्यंत गेला होता.

“किती लांब आहे हे?”

“चार फूट असेल.”

“चार फूट,” काटकोन म्हणाला. त्याने हात बाहेर काढून तो निवांतपणे झटकला. “असं करा दाजी. बाईंना मी काही सांगत नाही. हे चार फूट मी माझ्या घडीव दगडाने भरून टाकतो, माझ्या थरांत. आत पोकळ होतं हे कुणाला कळणार नाही.”

ओळंब्याने सायकलींच्या बाजूने आपल्या भिंतीकडे पाहिलं. शेवटची, उघडी, त्याची भिंत. आणि तिच्या टोकाला चार फूट साबणाच्या वड्या. जन्मभर येता-जाता दिसणार, आणि प्रत्येक वडीवर उपकार लिहिलेला.

त्यापेक्षा काँक्रीट बरं.

तो लंगडत तडक बाईंच्या टेबलापाशी गेला. “माझ्या भिंतीचे चार फूट आतून पोकळ आहेत. गुडघ्यामुळे झालं. पाडून परत बांधतो.”

बाईंनी मान वर केली. “कुणी शोधलं?”

“ते विचारू नका.”

“शनिवार पुढे ढकलणार नाही.”

“नका ढकलू.”

बाईंनी भिंतीपाशी येऊन फक्त तेवढ्या चार फुटांवर खडूने रेघ मारली आणि निघून गेल्या. काटकोन तोंड उघडून उभा होता. हातात आलेला हुकमाचा पत्ता समोरच्याने स्वतःच फाडून टाकावा, अशी त्याची अवस्था झाली. “हट्टी आहात,” तो म्हणाला, “पण अक्कल नाही.”

दोन दिवस ओळंब्याने घमेलं पालथं घातलं आणि त्यावर बसून खालचे थर बांधले. सुजलेला पाय पुढे लांब करून, दगड मांडीवर फिरवून. दाते बसल्याशिवाय काटकोनाला आपलं पुढे रेटता येईना, म्हणून तोही समोर बसून राहिला आणि दर दगडाला बोलत राहिला.

“तिथे पोकळी आहे.”

“दिसतंय मला.”

“दिसत असेल तर भरा. हा आरपार आहे का? पलीकडून टोक दिसत नाही.”

“उठून बघा की.”

तो खरंच उठला, वळसा घालून मागे गेला, पाहून आला आणि पुन्हा आपल्या जागी बसला. ओळंब्याने रागाच्या भरात पुढचा आरपार दगड हवा होता त्याच्या दोन फूट आधीच टाकला; भिंत उलट जास्तच पक्की झाली. मग एक दाता ओळंब्याचा, एक काटकोनाचा, असे ते वर चढत गेले. दर वेळी समोरच्याचा दगड बसला की त्यावर पहारीने ठोकून बघायचं, आणि हलला नाही की तोंड वाकडं करायचं. शनिवारी संध्याकाळी बाईंनी पट्टी लावली. ती नखभरही आत गेली नाही.

रविवारी ओळंबा बायकोला घेऊन भिंत बघायला गेला. काटकोन आधीच तिथे होता, आपल्या टोकाला, हाताची घडी घालून. बायकोने दोघांकडे दुर्लक्ष केलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ती बोटं फिरवत चालत गेली, परत आली आणि सांध्याच्या अलीकडे थांबली.

“एवढा तुकडा सगळ्यात छान बसलाय,” ती म्हणाली. “हे चारेक फूट. कुणाचे?”

“माझे,” ओळंबा म्हणाला.

“मी समोर बसून होतो म्हणून,” पलीकडून काटकोन म्हणाला.

 मेव्हणा खरं बोलत होता, आणि तेच ओळंब्याला सहन होईना. त्याने बायकोचा दंड धरला आणि मेव्हण्यासमोरून जावं लागू नये म्हणून सायकलींच्या बाजूच्या फाटकाकडे चालू लागला. तिकडून घर अर्धा मैल जास्त लांब पडत होतं.

“गुडघ्याला त्रास होईल,” बायको म्हणाली.

“होऊ दे,” ओळंबा म्हणाला.