भाऊजींचा हिरवा उजेड

ताई आणि भाऊजी नॉर्वेहून महिनाभरासाठी नागपूरला आले आणि आठवड्याच्या आत आमच्या झाडून सगळ्या नातेवाइकांना आभाळातला हिरवा उजेड पाठ झाला. भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, तिकडे अगदी उत्तरेच्या टोकाला एका गोदीत इंजिनिअर होते. माणूस मूळचा कामठीचा, पण बोलायला लागला की कामठी आणि नागपूर दोन्ही मागे पडायची. कोणाकडेही जेवायला गेलो तरी वरणभात संपायच्या आत त्यांची बोट सुटायची. संध्याकाळची वेळ, बोटीवर वीस-पंचवीस माणसं, गावातले दिवे मागे मागे जातात, चंद्र अजून डोंगराआड, समुद्र काळाकुट्ट, आणि मग आभाळात हिरवा पडदा हलायला लागतो. इथं ते दोन्ही हात वर करून पडदा हलवून दाखवायचे. मावशीकडे त्या पडद्यानं कढीची वाटी आडवी केली.

"अन् आवाज येते का त्याचा?" वाटी उचलत मावशीनं विचारलं.

"काहीच नाही. एकदम चूप."

"तुम्ही असल्यावर कसलं चूप?" मी म्हटलं. धाकट्या मेहुणीला एवढं बोलायचा हक्क असतो आणि मी तो सोडत नव्हते.

सत्तरीच्या दशकातली ती शेवटची वर्षं. मी नुकतीच बँकेत लागले होते, लग्न व्हायचं होतं. ताईच्या लग्नाला तीन वर्षं होत आली होती आणि त्यातली अडीच तिनं त्या बर्फात काढली होती. फोन म्हणजे आरडाओरडा करून 'बरी आहेस ना' विचारायचं आणि तिकडून 'बरी आहे' ऐकायचं, की संपला. त्यामुळे ती खरंच बरी आहे की नाही, हे आमच्या घरात कोणालाच नीट ठाऊक नव्हतं.

बाबांचं इतवारीत भांड्यांचं दुकान होतं. नवा माल आला की ते प्रत्येक भांडं बोटाच्या पेरानं वाजवून पाहायचे, आणि माणसांच्या बाबतीतही त्यांची तीच रीत होती. जावई मात्र त्यांना वाजवून पाहताच आला नव्हता. लग्न झालं, पासपोर्ट आला, आणि जोडी विमानात बसली. आता महिनाभर समोर होता तर सारखा बोलत होता. बाबा त्यांना 'जवाईबापू' म्हणत, पाटाशेजारी पाण्याचा तांब्या स्वतः ठेवत, 'घ्या', 'बसा', 'या' करत. इतकं आदबीनं ते फक्त विक्रीकराच्या साहेबांशी वागायचे. म्हणजे प्रेम नव्हतंच.

त्यात एक दिवस भाऊजी बोलता बोलता सांगून गेले की तिकडे हिवाळ्यात दोन महिने सूर्यच उगवत नाही. आईनं लगेच विचारलं, "मग सैपाक केव्हा करता?" सगळे हसले. बाबा हसले नाहीत. हातातला घास त्यांनी ताटात परत ठेवला.

दुसऱ्या दिवशी बँकेत जाता जाता मी दुकानात त्यांचा डबा द्यायला गेले, तर त्यांनी मला आत बोलावलं. पातेल्यांच्या उतरंडीमागे उभं राहून म्हणाले, "पोरीले अंधारात देऊन बसलो वं आपण."

"बाबा, वीज आहे तिथं. आपल्यापेक्षा जास्त आहे."

"विजेचं नाही म्हणत मी." उतरंडीतलं एक पातेलं त्यांनी उगाच सरळ केलं. मग एकदम म्हणाले, "तिले तिथं करमत नसन, तर मी तिले परत जाऊ देत नाही. लोकं काय म्हणायचं ते म्हणोत."

मी थक्क झाले. माहेरी परत आलेल्या मुलीबद्दल आमच्या गल्लीत काय काय बोलतात, ते बाबांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. त्यांनी सगळा विचार करून ठेवला होता. मागची खोली तिला द्यायची, रामदासपेठेतल्या कुठल्याशा शाळेत ओळखीनं शब्द टाकायचा. आईला यातलं काहीच सांगितलं नव्हतं. आईनं हाय खाल्ली असती. फक्त ताईला विचारायचं बाकी होतं, आणि तेच जमत नव्हतं. घरात सतत पाहुणे. पाहुणे गेले की भाऊजी. नळावर पाणी भरायला गेली तरी ते मागून बादली घ्यायला जायचे.

"तूच विचार ना तिले," बाबा म्हणाले.

मी विचारलं. ताई भाजी निवडत होती. "करमते ना," म्हणाली आणि मेथीच्या भावावर गेली. मी ते बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी मान हलवली. "तुले नाही सांगणार ते. तू लहान आहे. मले सांगन."

मग बाबांनी डाव रचला. पुढच्या आठवड्यात कोजागिरी होती. कोजागिरीला अर्धं नागपूर मसाल्याचं दूध घेऊन अंबाझरीच्या तलावावर जायचं आणि तिथं भाड्यानं नावा मिळायच्या. बाबांनी जाहीर केलं, "जवाईबापूले बोटीचा शौक आहे. आपली बोट पण पाहू द्या त्यांले." नावा दोन करायच्या. एकीत आई, भाऊजी आणि मी. दुसरीत बाबा आणि ताई. भाऊजींची नाव जरा दूर ठेवायची आणि त्यांना बोलतं ठेवायचं, हे माझं काम. यात अवघड काहीच नव्हतं.

कोजागिरीच्या दिवशी ऊन कलताना आम्ही तलावावर पोचलो, आणि डाव तिथंच फसला. काठावर ही गर्दी. शेंगदाण्यांच्या पुड्या, दुधाच्या किटल्या, सतरंज्या. नाववाला बाबांना म्हणाला, "एकच हाय जी. बाकी साऱ्या गेल्या. बसा लवकर, मागं लोकं उभे आहेत."

बाबांनी त्याला बाजूला घेऊन समजावून पाहिलं. दुप्पट पैसे देतो म्हणाले. पण नसलेली नाव तो आणणार कुठून? शेवटी सगळेच एकीत बसलो. आईला पाण्याची भीती. दुधाची किटली मांडीत घट्ट धरून ती अशी बसली, की नाव बुडाली तरी दूध वाचलं पाहिजे. तिच्याशेजारी भाऊजी. समोरच्या फळीवर ताई आणि मी. बाबा एका टोकाला, सगळ्यांचे चेहरे दिसतील असे. नाववाला वल्हं मारत होता आणि बाबांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं, की त्यांचा दिवस वाया गेला आहे.

तलावाच्या मध्यावर आलो तेव्हा तलावाच्या पाळीच्या, म्हणजे बांधाच्या वर, गावाच्या बाजूला चंद्र निघाला. परातीएवढा, तांबूस. काठावरून पोरांचा गलका उठला. आईनं किटलीवरचा एक हात सोडून नमस्कार केला. पाण्यावर थेट आमच्यापर्यंत उजेडाचा पट्टा आला आणि मला त्या क्षणी सगळं फार चांगलं वाटलं. बाबांची काळजी, माझी बँक, सगळं आपापल्या जागी ठीक आहे असं वाटलं.

"हे छान आहे," भाऊजी म्हणाले. "पण तिकडे काय होतं सांगू? बोट निघते अन् आभाळात..."

"जवाईबापू, थोडं थांबा," बाबा म्हणाले.

त्यांचा आवाज असा होता की नाववाल्याचं वल्हंसुद्धा थांबलं. बाबा ताईकडे वळले आणि जे एकांतात विचारायचं होतं, ते सरळ सगळ्यांसमोर विचारून मोकळे झाले. "बाई, तुले तिथं करमते का? खरं सांग. कोणाचं तोंड पाहू नको. नसन करमत तर तसं सांग, तुले इथं काही कमी नाही."

आई घाबरून म्हणाली, "अहो, हे काय बोलून राहिले तुम्ही?" मी पायाशी बघत बसले. भाऊजींचं तोंड अर्धवट उघडं होतं आणि महिन्यात पहिल्यांदाच त्यातून शब्द निघत नव्हता.

ताईनं पदर खांद्यावरून ओढून घेतला. मग म्हणाली, "पहिले नव्हतं करमत, बाबा. रोज रडत होती मी."

बाबांनी मान खाली घातली.

"पण तुम्ही ती बोटीची गोष्ट ऐकली ना यांच्याकडून? पूर्ण नाही ऐकली. हे अर्धीच सांगतात."

"जाऊ दे ना," भाऊजी पुटपुटले.

"काहून जाऊ दे? सांगते मी."

ती बोट कोजागिरीच्याच संध्याकाळची होती. तिची तिथली पहिली कोजागिरी. आमच्याकडे कोजागिरीला घरातल्या मोठ्या लेकराला ओवाळतात. नवे कपडे, पाट, कुंकू, निरांजन. धाकट्यांना नुसतं दूध. लहानपणी याच्यावरून मी दरवर्षी भोकाड पसरायचे. तर त्या दिवशी सकाळपासून ताईला आईची थाळी आठवत होती आणि डोळ्यांचं पाणी खळत नव्हतं. भाऊजींनी बोटीची तिकिटं आधीच काढली होती. रडत रडतच ती बोटीवर चढली. मग तो उजेड आला. लोक माना वर करून बघत होते आणि ही खाली मान घालून बसलेली. भाऊजींनी विचारलं, झालं तरी काय? तिनं सांगितलं, आज मला ओवाळायला कोणी नाही.

"मग यांनी काय केलं माहीत आहे? शेजारी एक म्हातारी बाई होती, तिच्याजवळ लिपस्टिक मागितली. ती बोटाला लावून माझ्या कपाळाला टिळा. हातात खलाशाचा टॉर्च, अन् सगळ्यांसमोर उभे राहून मले ओवाळलं. तेही उलटं, डावीकडून. लोकांले वाटलं वाढदिवस आहे. साऱ्या बोटीनं वाढदिवसाचं गाणं म्हटलं. त्या म्हातारीनं तर दोनदा म्हटलं."

आईनं हसता हसता पदर तोंडाला लावला. नाववाला खो खो हसत होता. मी भाऊजींकडे पाहिलं. वीस घरं त्या हिरव्या उजेडात नेऊन आणणारा हा माणूस, पण ही गोष्ट त्यानं एकाही घरी सांगितली नव्हती. आता तो शेंगदाण्याची रिकामी पुडी उलगडत होता आणि परत घडी घालत होता.

"लगेच नाही करमलं, बाबा," ताई म्हणाली. "पण तिथून सुरू झालं. आता करमते मले. खरंच करमते."

बाबांनी हात लांब करून आईच्या मांडीतली किटली घेतली, पेल्यात दूध ओतलं आणि पहिला पेला भाऊजींच्या हातात दिला.

"तुम्ही पण घरचे मोठेच ना?" आईनं त्यांना विचारलं. "मग तुम्हाले कोण ओवाळते?"

"मले कोणी नाही. आई गेली तेव्हा मी शाळेत होतो. मग राहूनच गेलं ते." हे त्यांनी अगदी सहज सांगितलं.

नाव काठाला लागली. आई उतरताना भाऊजींचा हात धरून उतरली आणि रिक्षा मिळेपर्यंत तो तिनं सोडला नाही.

घरी आलो. आईनं पाट मांडला, भोवती रांगोळीची दोन बोटं ओढली, थाळीत निरांजन लावलं. ताई नवी साडी नेसून पाटावर बसायला निघाली, तेवढ्यात बाबा म्हणाले, "थांब. आधी यांले बसव."

"यांले?" आई म्हणाली. "अहो, आपल्या मोठ्या लेकराले ओवाळतात. जावयाले नाही."

"आण ते इकडे."

बाबांनी तिच्या हातातून थाळी घेतली. आमच्या घरात पुरुषमाणसानं कधी ओवाळलेलं मी पाहिलं नव्हतं. भाऊजी नको नको म्हणत होते, पण ताईनं त्यांना खांदे धरून पाटावर बसवलं. बाबांनी करंगळीशेजारच्या बोटानं कुंकू लावलं, ते थोडं नाकावर सांडलं. मग थाळी फिरवायला लागले. ज्योत तिरपी होत होती. भाऊजींचे डोळे भरून आले होते. ते लपवायला त्यांनी मान बाजूला वळवली.

"इकडे पाह्य गा पोरा," बाबा म्हणाले. "हलू नको. दिवा विझन."

"अहो, जावयाशी असं बोलतात का?" आई कुजबुजली.

"जावयाशी कोण बोलून राहिलं?" बाबा म्हणाले, आणि ओवाळत राहिले.