मधली रांग

आमच्या गावचं पाणी खारट. संग्रामपूरकडं जाताना समोर सातपुडा हिरवागार दिसतो, आणि आमच्या विहिरीत मात्र मीठ. डाळ शिजता शिजत नाही. पाहुण्यांना चहा द्यायचा तर दूध फाटेल की काय, ही धास्ती. त्यामुळे गावात पाण्याचं फिल्टर बसवायचं ठरलं तेव्हा कोणाचीच ना नव्हती. थोडे पैसे ग्रामपंचायतीकडं होते, बाकीचे वर्गणीतून उभे करायचे होते. कोणी किती द्यायचे, यावर घोडं अडलं.

तेव्हा सरपंच एक बाई होत्या, माझ्या मायच्याच वयाच्या. त्यांचं म्हणणं, सगळ्या घरांकडून सारखी वर्गणी घेऊ नये. ज्याची जशी कमाई, तशी त्यानं द्यावी. पण कमाई विचारली की आमच्याकडचा माणूस पावसाचं बोलायला लागतो. मग एका सकाळी त्यांनी शाळेच्या मैदानावर फक्कीनं तीन रेघा आखल्या. ज्यांचं भागून वर शिल्लक राहतं त्यांनी पहिल्या रेघेवर बसायचं. ज्यांचं वर्षभर नीट भागतं त्यांनी मधल्या. जे रोजच्या मजुरीवर जगतात त्यांची शेवटची रेघ, आणि त्यांनी काहीच द्यायचं नाही.

"ज्यानं त्यानं आपल्या मनानं बसा," सरपंचबाई म्हणाल्या. "मी कोणाले उठवणार नाही."

मी खामगावच्या कॉलेजातून दिवाळीच्या सुटीला आले होते. मैत्रिणींसोबत लिंबाखाली उभी राहून बघत होते. शेवटची रेघ बघता बघता भरली. तिथं जागा उरली नाही तेव्हा लोक मधलीवर बसले. पहिल्या रेघेवर एकटे हेडमास्तर. त्यांचा पगार लपण्यासारखा नव्हता, त्यामुळे बिचारे अवघडून बसले होते.

माझे बाबा शेवटच्या रांगेत होते. गावातल्या सगळ्यात मोठ्या संत्राबागेत त्यांनी कितीतरी वर्षं सालदारकी केली होती, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबले होते. ते सुटून बराच काळ झाला होता, पण बसायची जागा अंगवळणी पडलेली. त्या बागेचे मालक मधल्या रांगेत मांडी घालून बसले होते. सगळ्यांना दिसत होतं. बोलत कोणीच नव्हतं, कारण अर्ध्या गावाचं काम त्यांच्याच बागेत.

माय उशिरा आली, मळ्यातून थेट, पायाला चिखल घेऊन. तिनं मैदानभर एकदा नजर फिरवली आणि सरळ बाबांपुढं जाऊन उभी राहिली.

"तुमी इथं काऊन बसले?"

"आपण इथलेच ना," बाबा म्हणाले.

"होतो. आता नाही. घरचा मळा आहे, दोन म्हशी आहेत, वांगे, सांभाराच्या जुड्या दर बाजाराले जाते, पोरगी खामगावले शिकून राह्यली. उठा."

"अवो, सारे बसलेच आहेत."

"त्यायचं ते पाहतीन. मले फुकटचं पाणी गोड लागणार नाही."

बाबा कपडे झटकत उठले. दोघं मधल्या रेघेपाशी आले. तिथं बसायला जागा नव्हती. माय बागेच्या मालकांसमोर थांबली.

"भाऊ," ती म्हणाली. आवाज अजिबात चढवला नाही. "तुमी इथं बसले, त आमी कुठं बसाव?"

मालकांनी मायकडं पाहिलं, मग बाबांकडं. त्यांच्या बागेतलं झाडन् झाड बाबांनी जगवलेलं. बाबांनी नजर खाली घातली नाही, हे मला आजही लख्ख आठवतं. मग मालक हसले आणि गुडघ्यावर हात टेकून उठले.

"बरोबर आहे बाई तुमचं. ए, सरका रे, यायले जागा द्या."

ते हेडमास्तरांशेजारी जाऊन बसले. मग त्यांचे भाऊ उठले, खताचे दुकानदार उठले, ट्रॅक्टरवाले उठले. शेवटच्या रांगेतलेही बरेच जण पुढं सरकले. सगळेच उठले असं नाही. काही जण शेवटपर्यंत चिकटून राहिले, आणि त्यांना कोणी काही म्हटलंही नाही.

तेवढ्यात कापूस वेचायला जाणारी एक एकटी म्हातारी उठून मधल्या रांगेकडं यायला लागली. "माह्याकडून बी घ्या थोडेसे," ती म्हणाली.

मायनं उठून तिचा हात धरला. "मावशी, तुमी तिथंच बसा. तो तुमचा हक्क आहे. खोटं खालीबी बसू नाही अन् वरबी बसू नाही."

म्हातारी जरा रुसली, पण बसली.

मी लिंबाखालून निघाले आणि मायशेजारी जाऊन बसले. आम्ही गरीब की बरे, हे मी तोवर कधी स्वतःला विचारलं नव्हतं. आमच्या घराची गावातली जागा मायनं सगळ्यांदेखत चालत जाऊन दाखवली होती. तिच्या चिखलाच्या पायांशेजारी बसताना मला जेवढं मोठं वाटलं, तेवढं पुढं पहिल्या पगारालाही वाटलं नाही.

घरी जाताना बाबा म्हणाले, "साऱ्यायच्या देखत उठवलं तू मले."

"मंग?"

"काही नाही. बरं वाटलं."

फिल्टर पुढच्या उन्हाळ्यात बसलं. त्याआधी वर्गणी द्यायची वेळ आली तेव्हा माय म्हणाली, मी देऊन येते. बाबांनी ऐकलं नाही. धुतलेला सदरा घातला, डोक्याला तेल लावलं आणि जवळची गल्ली सोडून चावडीवरून, सगळ्यांना दिसेल असं, सावकाश चालत गेले.