टेपवाल्या डॉक्टरीणबाई

"पोट आत ओढू नकोस! टेपला फसवशील, औषधाला कशी फसवशील?"

दर मंगळवारी शहापूरच्या दवाखान्यातून ही आरोळी उठली की पार आसनगाव स्टेशनावर उभी असलेली माणसंसुद्धा पोट ढिलं सोडतात. आमच्या डॉक्टरीणबाई मुलांच्या मनाच्या डॉक्टर. पण गळ्यात शिंप्याची टेप. भास थांबवणाऱ्या गोळीनं पोरांचं वजन वाढतं, साखर चढते, म्हणून कंबर मोजल्याशिवाय बाईंचं पेन कागदाला टेकत नाही. म्हसा गावच्या जत्रेत एका पेशंट पोरीला त्यांनी जिलबीच्या कढईसमोर गाठून तिथंच मोजली. बघता बघता मागे रांग लागली. दोन बैलवाले बैलांसकट उभे! बाईंनी दोन्ही बैल मोजले असं मी सगळीकडे सांगतो, ते तुम्ही निम्मं धरा. एकच बैल.

गोळी लिहिण्यात मात्र बाई महाकंजूष. मुरबाडचा एक बाप म्हणाला, "पोरगा लय उलट बोलतो, शांत राहायची गोळी द्या." बाईंनी पोराशी तासभर गप्पा मारल्या आणि बापाला सांगितलं, "त्याला काही झालेलं नाही. तुम्ही जरा कमी ओरडा!" हे त्या इतक्या मोठ्यानं ओरडल्या की बाहेर बाकावर बसलेले सगळे बाप कुजबुजायला लागले.

माझ्या चौदा वर्षांच्या पुतणीच्या कानात माणसं बोलायची. समोर कोणी नसताना. घाण घाण बोलायची. तिला बाईंनी गोळी दिली, आवाज गेले. पण शाळेचा ड्रेस आवळ झाला, पोरी हसायला लागल्या. मी शहाणा! बाई सगळ्यांच्या गोळ्या कमी करतात, तर आपणच आधी करून ठेवू, म्हणून भावाला न विचारता रोज विळीवर गोळी अर्धी करू लागलो. पंधरा दिवसांत पोर पुन्हा कान दाबून कोपऱ्यात.

मंगळवारी तिला दवाखान्यात नेलं आणि विळीचं कबूल केलं, तेव्हा बाईंनी मला असं झापलं की डोळखांबच्या जंगलातली माकडं झाडावरून उतरली. "ज्याला नको त्याला मी कणभर देणार नाही, आणि जिला हवी तिची तुम्हाला तोडू देणार नाही!" मग एकदम आवाज खाली आणून पुतणीला म्हणाल्या, "वजनाचं आपण दोघी बघू. गोळी थांबवायची तेव्हा मी सांगेन, हं." कंबर मोजली, पण आकडा मोठ्यानं न वाचता गुपचूप कागदावर लिहिला. हे मी कुणाला सांगितलं नाही. त्यात वाढवण्यासारखं काही नाही.

गोळी पुन्हा अख्खी झाली. दोनेक महिन्यांनी शेतावरून येताना मी भीत भीत विचारलं, "काय गो, आता कानात कोन बोलतं?"

"कोन नाय, काका," ती म्हणाली. "तुमीच तेवढे."