दुसऱ्याच्या नावाची गोळी

मागच्या रविवारी माझी आत्या दुखण्यानं तळमळत होती, गोळी माझ्या बॅगेत होती, आणि मी ती दिली नाही.

गुरुवारी आत्या गेली.

दुसऱ्या कोणी सांगण्याआधी मीच लिहिते आहे.

आत्या म्हणजे पप्पांची थोरली बहीण. बुऱ्हाणपूरच्या आसपासच्या खेड्यांत तिनं एकतीस वर्षं एएनएम, म्हणजे गावोगावी फिरणारी सरकारी नर्स, म्हणून काम केलं. बाळंतपणं, लसी, गोळ्या. बायका तिला सिस्टरबाई म्हणायच्या. लग्न केलं नाही, शहरात, शनवारा भागात आमच्याकडेच राहायची. मी आज नर्स आहे ती तिच्यामुळे.

माझी पहिली शाळा म्हणजे तिची बॅग.

पहिलीत जायच्या आधीच ती मला रिकाम्या स्ट्रिप वाचायला द्यायची. नाव, ताकद, तारीख.

"तीनदा वाचायचं. उचलताना, कापताना, देताना."

"आणि नाही वाचलं तर?"

"मग पोलिस वाचतात."

स्ट्रिप नेहमी तारखेच्या उलट्या टोकाकडून कापायची. शेवटच्या गोळीपर्यंत तारीख दिसली पाहिजे.

ज्यांना वाचता येत नसे त्यांच्या पाकिटावर चित्र. सकाळची गोळी म्हणजे सूर्य, रात्रीची म्हणजे चंद्र. काढायचं काम माझं. सहा वर्षांची असताना एका पाकिटावर सूर्य फारच एकटा दिसतो म्हणून मी त्याच्या शेजारी दुसरा काढला.

बहादरपूरची एक गरोदर बाई आठवडाभर लोहाच्या दोन-दोन गोळ्या खात राहिली.

पोट बिघडलं, बाकी काही नाही. पण आत्या मला सायकलवर बसवून तिच्या दारात घेऊन गेली. "सांग त्यांना." मी रडत रडत सांगितलं.

ती बाई हसायलाच लागली. "जाऊ द्या हो सिस्टरबाई, बच्ची है!"

आत्या हसली नाही. "तिची चूक नाही. देताना मी पाहिलं नाही. चूक माझी आहे."

त्या दिवसापासून मी प्रत्येक पाकीट उलटसुलट करून बघते. स्टाफमध्ये सगळे चिडवतात. चिडवू देत.

तिच्या बॅगेच्या झाकणाला आतून एक यादी चिकटवलेली होती. कोणती औषधं नर्सनं स्वतः द्यायची, कोणती डॉक्टरांनी लिहिल्यावरच, आणि कोणत्या इंजेक्शनचा फक्त पहिला डोस देऊन पेशंटला गाडीत घालायचं.

फोपनारला एका बाळंतिणीला झटके आले तेव्हा तिनं तो पहिला डोस दिला आणि केळीनं भरलेला टेम्पो जागच्या जागी रिकामा करून घेतला. मालक ओरडत होता. आत्या म्हणाली, "पहिला डोस माझा, दुसरा डॉक्टरचा. मधे फक्त रस्ता आहे, तो लवकर संपवा."

ती बाळंतीण आज आजी आहे. शुक्रवारी आत्याच्या शेवटच्या दर्शनाला आली होती.

पप्पांना मात्र त्या यादीचा राग. एकदा खोकला झाला तेव्हा म्हणाले, "सगळ्या गावाला वाटते, भावाला एक कॅप्सूल देत नाही! कौन देख रहा है दीदी?"

"मी बघतेय ना. चल, दवाखान्यात."

आणि खरंच नेलं. कान धरून.

आता मागचा रविवार.

आत्याचा कॅन्सर हाडांत पोचला होता. दुपारी रोजच्या गोळीनं भागेना. तिच्या डॉक्टरांनी "पुढे लागेल" म्हणून सांगितलेली भारी गोळी नेमकी माझ्या बॅगेत होती. फोपनारला घरी पडून असलेल्या एका पेशंट काकांसाठी आमच्या हॉस्पिटलनं दिलेली. पाकिटावर त्यांचं नाव. सोमवारी सकाळी पोचवायची होती.

"तीच गोळी आहे ना? मग दे."

"ती दुसऱ्याच्या नावाची आहे पप्पा. त्यांना उद्या लागेल. आणि आत्याला किती द्यायची ते मला ठरवता येत नाही."

"कौन देख रहा है बेटा?" पप्पा रडत होते. "नर्स कशाला झालीस मग तू?"

आत्या भिंतीकडे तोंड करून पडली होती.

डॉक्टरांचा फोन लागेना. मी स्कूटी काढली. हॉस्पिटलमध्ये ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी तिचे रिपोर्ट पाहिले, किडनीच्या आकड्यावर बोट ठेवलं, आणि चिठ्ठीवर लिहिलं, आत्ता अर्धी, मग रोज रात्री अर्धी.

जाऊन, तिच्या नावाचं पाकीट घेऊन यायला सव्वा तास लागला.

तो सव्वा तास माझ्या डोक्यातून जात नाही. यादीत त्याचं उत्तर नाही.

घरी येऊन मी मोठ्यानं तीनदा वाचलं. अर्धी गोळी तिच्या हातावर ठेवली.

बऱ्याच वेळानं तिचा चेहरा सैल झाला.

"फार उशीर केलास गं."

"हो."

"ती दिली असतीस ना, तर मी घेतली असती."

मी तिची उशी सरळ केली.

"एकतीस वर्षं लोकांना नाही म्हटलं. पण घेतली असती. इतकं दुखत होतं." तिनं माझ्या बॅगेकडे पाहिलं. "बरं झालं, बॅग तुझ्याकडे होती."

मग म्हणाली, "पाकिटावर चित्र काढ."

"तुला वाचता येतं की आत्या."

"देणार तुझा बाप आहे. त्याला वेळेवर चष्मा सापडत नाही."

पप्पा हसले. त्या दिवसात पहिल्यांदाच.

मी अर्धा चंद्र काढला. एकच.

काल उरलेल्या गोळ्या हॉस्पिटलला परत केल्या. देण्याआधी पाहिलं, स्ट्रिपवर तारीख दिसत होती. पप्पांनी रोज उलट्या टोकाकडूनच कापलं होतं.

आत्या, निवांत जा.

बॅग माझ्याकडे आहे.