गोठ्याशेजारची हवा

जानेवारीतला दुसरा मंगळवार. शहराबाहेर, करोंदच्या पुढचं मोकळं मैदान. हजर: आमचे साहेब, कंत्राटावरची संशोधक मुलगी, सिलिंडर सोडणारे तंत्रज्ञ आणि चाचणीची नोंद ठेवणारी मी.

काम साधं होतं. तंत्रज्ञांनी सिलिंडरमधून मोजून मिथेन सोडायचा. किती सोडला तो आकडा बंद पाकिटात माझ्याकडे. साहेबांची आणि मुलीची, अशा दोन पद्धती; हवा मोजून त्या आकड्याच्या जास्त जवळ जाईल ती शहराच्या कचरा-डेपोवर लागणार. साहेब गाडीत यंत्र घेऊन वाऱ्याला आडवे फिरत. मिथेनच्या पट्ट्याबाहेरची स्वच्छ हवाही त्यांची वाटेतच मोजून होई. मुलीचं यंत्र एका जागी, खांबावर. स्वच्छ हवेसाठी तिला वारा येतो त्या बाजूला दुसरं यंत्र ठेवावं लागे, आणि तिथला आकडा वजा करूनच तिचं उत्तर निघे. तिची पद्धत नापास झाली, तर मार्चनंतर तिचं कंत्राटही संपणार होतं.

ते दुसरं यंत्र साहेबांनी म्हशींच्या गोठ्याला लागून ठेवायला लावलं. तिथे विजेची सोय होती आणि चहा मिळत होता. सकाळी सातला मी पाहणी केली. गोठा रिकामा. यादीत ‘जवळपास मिथेनचा दुसरा स्रोत नाही’ यापुढे मी खूण केली. म्हशी पाण्यावर गेल्या असतील, हे सुचलं नाही. दहाला मोजणी सुरू झाली तेव्हा त्या परत येऊन रवंथ करत बसल्या होत्या.

पाकीट उघडलं. साहेब अगदी जवळ. तिचं उत्तर निम्म्याहूनही कमी.

“ताई, म्हशींच्या ढेकरांतला मिथेन माझ्या आकड्यातून वजा झालाय,” ती म्हणाली.

“आता म्हशीपण तुमच्या विरोधात का?” साहेब हसले. मग माझ्याकडे वळले. “मॅडम, खूण तुमचीच आहे. इनको फेल लिख डालो, खतम करो.”

“खूण चुकली, ती माझी चूक. जागा तुम्ही निवडलीत.”

“आणि तिथला चहा कोणी प्यायला?”

प्यायले होते. दोन कप.

माझी चूक मान्य करणारं पान मी अहवालाला जोडलं. साहेबांनी ते काढून टाचणीसकट माझ्या टेबलावर आणून ठेवलं. मी ते परत जोडलं आणि एक प्रत थेट त्यांच्या वरिष्ठांना पाठवली. तेव्हापासून ते माझ्याशी शिपायामार्फत बोलतात. माझं काही अडत नाही.

फेरमोजणीला मंजुरी आली आहे. फेब्रुवारी संपत आला, तरी साहेब त्यासाठी गाडी देत नाहीत. तिचं दुसरं यंत्र गोठ्यापासून लांब लावून एकदा मोजायचं, एवढं राहिलं आहे.